छत्तीस इंची चाक उतरवलं

हिप्परग्याचा तलाव मागे पडला आणि माझ्या एकचाकी सायकलीवर डाव्या पायाखाली टक् झालं. पुढच्या फेरीला पुन्हा टक्. पायडल खाली दाबताना नाही, वेग आवरायला मागे जोर दिला की तेवढ्यापुरतं. उतरलो, क्रँक, म्हणजे पायडलचा दांडा, हाताने धरून हलवला. बोटाला जेमतेम कळेल एवढी ढिलाई होती. जवळच्या पान्याने बोल्ट आवळला. सोलापुरात शिरेपर्यंत आवाज परत सुरू झाला होता.

अप्पा दारातच बसले होते. ते लक्ष्मी-विष्णू मिलमध्ये जॉबर होते, म्हणजे मागांची देखरेख करणारे. खात्यातले सगळे माग एका दमात धडधडत असताना त्यातला नेमका कुठला बिघडायला लागलाय, हे ते चालता चालता कानाने ओळखायचे. त्यांच्यापुढे मी चाक नुसतं फिरवून दाखवलं. आवाज आला नाही. "असं नाही. वर बस, भिंतीला धर, पुढं-मागं कर की," म्हणाले. मी केलं. त्यांनी डोळे मिटून दोनदा ऐकलं. "डाव्या अंगाचं आहे. गिअरची चावी झिजली की उलट्या फिरतीला असाच बोलतो. आवळून काय होणार नाही बे त्याला, आतली जागा गेलीय."

माझ्या युनिसायकलच्या शाफ्टला चावी, म्हणजे गिअर शाफ्टवर घट्ट धरणारी पट्टी, नसते, पण बाकी निदान अक्षरशः बरोबर होतं.

एकचाकी सायकल म्हटलं की आपल्याकडे सर्कस आठवते. विष्णुपंत छत्र्यांनी १८८० साली ग्रेट इंडियन सर्कस उभी केली तेव्हापासून मराठी मुलुखाला सर्कशीची ओळख आहे, त्यामुळे ते साहजिकच. पण तंबूत फिरणारं ते चाक साधारण २० इंचांचं. त्याच्या एका फेरीत जेमतेम १.६ मीटर अंतर कापलं जातं. माझं चाक ३६ इंचांचं, एका फेरीत साधारण २.८७ मीटर. चेन नाही, गिअर नाही. पायाची एक फेरी म्हणजे चाकाची एक फेरी. म्हणून लांबचा पल्ला गाठायचा तर चाकच मोठं हवं. एवढा मोठा हवेचा टायर १९९० च्या दशकात अमेरिकेतल्या टेनेसी राज्यातल्या चॅटनुगा गावच्या कोकर कंपनीने काढला. ती मूळची जुन्या मोटारींचे टायर बनवणारी. आपल्याकडे वनस्पती तुपाला डालडा म्हणतात, तसं पुष्कळ स्वार अजूनही कुठल्याही छत्तीस इंचीला कोकरच म्हणतात. वर बसलं की रस्त्याकडेच्या कुंपणावरून पलीकडचं ज्वारीचं रान दिसतं. हे एक सुख मला दुसऱ्या कुठल्याही सायकलीवर मिळालेलं नाही.

तर बिघाडाबद्दल. युनिसायकलला फ्रीव्हील नसतं, क्रँक थेट चाकाच्या शाफ्टवर बसलेले असतात. साध्या सायकलीत क्रँकवर जोर एकाच दिशेने येतो. पाय थांबवले की सायकल आपली पळत राहते. इथे तोल सांभाळायलाच पाय सतत मागेपुढे जोर देत असतात, आणि उतारावर तर सगळाच जोर उलटा. माझ्या जुन्या हबचा, म्हणजे चाकाच्या मधल्या भागाचा, शाफ्ट टोकाला चौकोनी आणि बाहेरच्या बाजूला निमुळता होत गेलेला होता. क्रँकचं भोकही तसंच, पण शाफ्ट पोलादाचा आणि क्रँक ॲल्युमिनियमचा. दोन्हीकडून आलटून पालटून धक्के बसत राहिले की ॲल्युमिनियम दबतं, चौकोनाचे कोपरे गोलावतात. अशा सैल क्रँकवर आणखी दहा किलोमीटर गेलं की ते आणखी गोलावतात. मी तर तीन आठवडे त्याच्यावर फिरलो होतो, दर वेळी बोल्ट आवळून.

नुसता डावा क्रँक बदलून भागलं असतं. पण चाकही आता बदलण्याच्या लायकीचं झालं होतं. पोलादी एकपदरी रिम, अरुंद हब, भले लांब स्पोक. चढावर उभं राहून जोर लावला की रिम एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे झुकायची आणि ब्रेकच्या रबराला घासायची. मोठ्या चाकात हे दुखणं असतंच, कारण स्पोक जितके लांब आणि हबच्या दोन पाळ्या, म्हणजे स्पोक अडकवायच्या कडा, जितक्या जवळ, तितका स्पोकचा आडवा आधार कमी. म्हणून ठरवलं, हब, रिम, स्पोक, बेअरिंग, क्रँक सगळं नवं घ्यायचं. टायर, ट्यूब, फ्रेम आणि सीट जुनंच ठेवायचं.

नवं हब खाचांच्या शाफ्टचं निवडलं. शाफ्टच्या टोकाला गोल फिरत १० खाचा, क्रँकच्या आत तशाच १० दाती. या जोडणीला आयसिस म्हणतात, म्हणजे इंटरनॅशनल स्प्लाइन इंटरफेस स्टँडर्ड. ख्रिस किंग, रेस फेस आणि ट्रुव्हेटिव्ह या कंपन्यांनी मिळून ती खुली ठेवली, कुणीही बनवावी म्हणून. चौकोनाचे चार कोपरे जो जोर घेतात तो इथे दहा दाती वाटून घेतात, आणि जोर उलटा आला तरी प्रत्येक दातीला टेकायला दुसरी बाजू असते. अप्पांना चित्र दाखवलं. एवढंच म्हणाले, "हे बरं आहे."

खरी घालमेल झाली ती क्रँकच्या लांबीची. जुने क्रँक १५० मिलिमीटरचे होते. लांब क्रँक म्हणजे तरफ मोठी: चढावर, चढून बसताना, वेग आवरताना सोपं. पण सपाट रस्त्यावर पाय उगाच मोठं वर्तुळ फिरत राहतो, मांड्या वर-खाली होत राहतात आणि सीटवर शरीर डोलतं. ताशी १५ किलोमीटरने जायचं तर या चाकाला मिनिटाला ८७ फेऱ्या लागतात, १८ ने जायचं तर १०४ च्या वर. मोठ्या वर्तुळात तेवढ्या फेऱ्या मला मिनिटभराच्या पुढे जमत नव्हत्या.

कॅलेंडरच्या पाठीवर हिशेब मांडला. सोलापूर ते तुळजापूर ४५ किलोमीटर धरले तर चाकाच्या साधारण १५,७०० फेऱ्या. १५० च्या जागी १२७ चे क्रँक लावले तर प्रत्येक पायाची वाट दर फेरीला साडेचौदा सेंटिमीटरने कमी होते. गुणाकार केला: तुळजापूरला पोचेपर्यंत प्रत्येक पाय सव्वादोन किलोमीटर कमी फिरणार. मी हा आकडा पुन्हा पुन्हा तपासला. पण त्याची किंमतही होती. तेवढाच जोर चाकाला द्यायला पायडलवर १८ टक्के जास्त दाब द्यावा लागणार, आणि तुळजापूरच्या आधी घाट आहे.

तोडगा निघाला तो दोन भोकांच्या क्रँकचा. एकाच क्रँकवर १२७ वर एक भोक आणि १५० वर दुसरं. पायडल काढून पलीकडे लावलं की लांबी बदलली. क्रँक जरा जड होतात, टोकाचा भाग पायडलच्या पुढे रिकामा दिसतो. मला तेवढं चाललं. सपाटीला १२७, घाटाला १५०.

ऑर्डर परदेशात दिली. आपल्याकडच्या बाजारात या मापाची रिमच मिळत नाही. दूधवाल्यांच्या काळ्या सायकलीची रिम २८ इंची. खोकं पाच आठवडे वाटेत होतं, त्यातले दोन कस्टममध्ये. मागवलेल्या मालाचं वर्णन 'वाहनाचे सुटे भाग' असं कुणीतरी भरलं होतं, त्यामुळे मला तीनदा पत्र लिहून कळवावं लागलं की याला इंजिन नाही. शेवटी शुल्क भरून खोकं आलं, एक कोपरा चेपलेलं. रिमला काही झालं नव्हतं. आधी मी ती सपाट फरशीवर ठेवून चारी बाजूंनी दाबून पाहिली, मगच बाकीचं उघडलं.

जुनं चाक उतरवायला घेतलं. डावा क्रँक बोल्ट काढल्यावर तो ओढून काढायच्या पुलरच्या दोनच आट्यांत निघाला, आणि त्याच्या भोकात चौकोन असा उरलाच नव्हता. उजवा मात्र हटेना. क्रँक-पुलर आत घालण्यापूर्वी आटे घासून स्वच्छ करायचे असतात आणि पुलर पूर्ण आत बसेपर्यंत फिरवायचा असतो. मी घाई केली, अर्ध्यावरच जोर लावला, आणि क्रँकमधले आटे सुटून बाहेर आले. आता पुलर धरायला काहीच नव्हतं.

फ्रेमसकट चाक गाडीवर घालून अक्कलकोट रोड एमआयडीसीत गेलो. तिथे लेथवर मागांचे सुटे भाग बनवणारे एक अण्णा आहेत, अप्पांच्या ओळखीचे. टॉवेलच्या मागांचे गिअर, बुश, शाफ्ट, सगळं त्यांच्याकडे येतं. तेलुगूत पोराला काहीतरी सांगून त्यांनी भिंतीवरचा दोन पायांचा पुलर काढला. मागाच्या शाफ्टवरचे गिअर काढायचा. त्याचे पाय क्रँकच्या मागे अडकवले, मधला स्क्रू शाफ्टच्या टोकावर टेकवला, थोडा ताण दिला आणि थांबले. मग क्रँकच्या मुळाशी हातोडीचा एकच ठोका. क्रँक सुटला. "ताण द्यायचा, मग ठोकायचं. ठोकून ताण द्यायचा नाही," म्हणाले.

मी तिथे गेलोच आहे तर दुसरी काळजीही विचारली. जुनी बेअरिंगं बाहेरून ४० मिलिमीटरची, नव्या हबची ४२ ची. फ्रेमच्या पायांशी असलेले बेअरिंगचे कप घासून मोठे करावे लागणार असं मी धरून चाललो होतो, आणि ते मनाला पटत नव्हतं. अण्णांनी व्हर्नियर लावला. एकदा बेअरिंगला, एकदा कपाला. मग कपाच्या आतून नखाने काहीतरी खरवडलं. ग्रीस आणि रंगाच्या थराखाली एक पातळ पट्टी होती, एक मिलिमीटर जाडीची, अर्धगोल वळवलेली. कप मुळातला ४२ चाच होता. लहान बेअरिंग बसावं म्हणून पूर्वी कुणीतरी आत पट्ट्या घातल्या होत्या. चारी पट्ट्या काढल्या, कप रॉकेलने धुतले, नवं बेअरिंग ठेवलं. नुसत्या अंगठ्याने बसलं. दोन्ही पायांतलं अंतरही त्यांनी मोजून दिलं, मध्य ते मध्य १०० मिलिमीटर, हबलाही तेवढंच हवं होतं. ते पैसे घेईनात. अप्पांचं नाव सांगितलं म्हणून. मी पुढच्या वेळी शेंगाची चटणी घेऊन गेलो.

चाक गुंफायचं काम विजापूर वेशीतल्या चाचांकडे. मी लहानपणापासून त्यांच्याकडे पंक्चर काढायला जातो. त्यांनी हब हातात घेतलं, पाळीची भोकं मोजली. "अठरा नि अठरा. हे काय बेटा, आपल्या गाडीला पुढं ३२, मागं ४०. ही ३६ कुठली?" मग रिम पाहिली आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. तिच्याकडे बघत त्यांनी चहा मागवला.

मी त्यांना करू द्यायचं ठरवून गेलो होतो. त्यांनी मला करायला लावलं, आणि तो दिवस मला फार मोलाचा वाटतो. पहिला स्पोक हवेच्या भोकाशेजारी. का, ते विचारल्यावर म्हणाले, पंपाचं तोंड आत जायला जागा राहिली पाहिजे. दोन स्पोक तिथे एकमेकांपासून लांब गेले पाहिजेत. पहिला चुकला तर सगळं चाक चुकतं. मग एका पाळीचे नऊ, एक भोक सोडून एक. पलीकडच्या पाळीचे नऊ. मग हब पिळून फिरवायचं, आणि उरलेले अठरा उलट्या दिशेने, प्रत्येकाने आपल्या पाळीच्या तीन स्पोकना ओलांडायचं: पहिल्या दोघांच्या वरून, तिसऱ्याच्या खालून. तो तिसऱ्याच्या खालून काढताना इतका लांब स्पोक वाकवावा लागतो की मला वाटलं मोडणार. चाचा म्हणाले, मोडत नाही, लाजतो. दुपारच्या नमाजाला ते गेले तेव्हा मी एकटाच होतो, आणि ते येईपर्यंत चार स्पोक चुकीच्या भोकात घातले होते. त्यांनी ते पाहताक्षणी ओळखले, पण सांगितले नाहीत. "बघ कुठं चुकलंय." मला वीस मिनिटं लागली.

एक गोष्ट त्यांना खूप आवडली. साध्या सायकलीच्या मागच्या चाकात एका बाजूला फ्रीव्हील असतं, म्हणून रिम हबच्या मध्यावर नसते, फ्रीव्हीलकडे सरकवून घ्यावी लागते आणि त्या बाजूचे स्पोक जास्त ताणावे लागतात. इथे काहीच नाही. दोन्ही बाजू सारख्या, ३६ चे ३६ स्पोक एकाच लांबीचे, ताणही सारखा. "असं चाक पन्नास वर्षांत बांधलं नाही," म्हणाले.

आउट, म्हणजे चाकाचा वाकडेपणा, काढायला मात्र त्यांच्या स्टँडमध्ये चाक मावेना. मग माझीच फ्रेम उलटी करून शिकंजात धरली, नवी बेअरिंगं कपात बसवली आणि फ्रेमच्या पायाला खडू बांधला. चाक फिरवलं की रिम जिथे बाहेर येते तिथे खडूची रेघ उमटते. रेघ उमटली त्या बाजूचे स्पोक पाव फेरी सैल, समोरच्या बाजूचे पाव फेरी घट्ट. हे वर्णन एका ओळीचं आहे, पण त्यात संध्याकाळ गेली, कारण आडवा आउट निघाला की रिम वर-खाली व्हायची आणि ते सुधारलं की पुन्हा आडवा आउट. चाक मध्यावर आहे का हे बघायची युक्ती चाचांनी दाखवली. रिम आणि फ्रेमचा एक पाय यांतलं अंतर काडीने मोजायचं, चाक काढून उलट्या बाजूने बसवायचं, त्याच पायाशी पुन्हा मोजायचं. काडी तशीच बसली तर चाक मध्यावर. तिसऱ्यांदा बसली.

शेवटी त्यांनी दोन-दोन स्पोक मुठीत धरून जोरात दाबले, सगळीकडे फिरून. आतून टिक टिक असे आवाज आले. निपल, म्हणजे स्पोकच्या टोकाचे छोटे नट, फिरवताना स्पोक पीळ खाऊन बसलेले असतात, ते सुटतात. हे केलं नाही तर पहिल्याच स्वारीत ते आपोआप सुटतात आणि चाकाला पुन्हा आउट येतो. मग चाचांनी नखाने प्रत्येक स्पोक वाजवला. एका बाजूचे अठरा साधारण एकाच सुरात वाजले. दोन जरा खाली होते, ते वर घेतले.

घरी बसवाबसव. सगळी तयारी करून मी उजवा क्रँक शाफ्टवर सरकवला, बोल्ट हाताने फिरवला, पाना लावणार तेवढ्यात अप्पांनी खोक्यातला रिकामा वाटणारा कागद उचलून झटकला. दोन ॲल्युमिनियमच्या आखूड नळ्या फरशीवर घरंगळल्या. बेअरिंग आणि क्रँक यांच्यामध्ये बसायच्या नळ्या. त्या नसत्या तर क्रँक निमुळत्या खाचांवर गरजेपेक्षा आत चढत गेला असता, आणि मग तो सरळ निघणंही कठीण. क्रँक परत काढला. खाचा पुसल्या, ग्रीसचा पातळ हात दिला, नळी घातली, क्रँक चढवला. अण्णांकडून टॉर्कचा पाना आणला होता, पुस्तिकेतल्या आकड्याला तो खटकन वाजेपर्यंत आवळलं.

बेअरिंगच्या कपांचे बोल्ट याच्या अगदी उलट. ते घट्ट आवळले की बेअरिंग चेपतं आणि चाक जड फिरतं. मी समोरासमोरचे बोल्ट आळीपाळीने थोडे थोडे आवळत गेलो आणि दर वेळी चाक फिरवून पाहिलं. फिरणं किंचितही आखडलं की पाव फेरी मागे. मग पायडलं. डाव्या पायडलचे आटे उलटे असतात हे सगळ्यांना ठाऊक असतं, पण युनिसायकलला पुढची-मागची बाजू दिसायला सारखीच, त्यामुळे चाक उलटं बसलं तर डावा क्रँक उजवीकडे येतो आणि चालवता चालवता पायडलं उलगडत जातात. मी क्रँकवरचं 'एल' हे कोरलेलं अक्षर आणि सीटचं टोक तीनदा जुळवून पाहिलं.

किराणा दुकानाच्या काट्यावर जुनं आणि नवं चाक तोललं. जवळजवळ एक किलो कमी झालं होतं, आणि तेही परिघावरचं, जिथलं वजन सुरू करताना आणि थांबवताना सगळ्यात जास्त जाणवतं. टायर तोच चढवला. हवेचा व्हॉल्व मोटरसायकलसारखा असल्यामुळे सात रस्त्याजवळच्या पेट्रोल पंपावर हवा भरून मिळते; काळ्या सायकलीच्या व्हॉल्वचं तसं नसतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे होम मैदान. जानेवारीत गड्ड्याच्या जत्रेला जिथे पाय ठेवायला जागा नसते, तिथे पहाटे साडेपाचला चालणारे पाच-सहा जण आणि मी. सात वर्षं ही सायकल चालवतोय, पण पहिल्या दिवशी अकरा वेळा प्रयत्न केल्यावर एकदा चढून बसता आलं. चालत चालत ढकलायचं, मागचं पायडल योग्य जागी आलं की त्यावर पाय ठेवून वर उचलून घ्यायचं, हे शरीराला पाठ होतं. पण पायडल आता आधीपेक्षा शाफ्टच्या २३ मिलिमीटरने जवळ आलं होतं आणि पाय जुन्या जागी जात होता. पाठ झालेली गोष्ट विसरायला वेळ लागतो, शिकण्यापेक्षा जास्त. चौथ्या दिवशी पहिल्या खेपेला बसलो. आठव्या दिवशी दहातल्या आठ.

चालवायला लागल्यावर मात्र फरक पहिल्या शंभर मीटरमध्ये कळला. पाय गोल फिरत होते. आधी ते वर-खाली जायचे. मिनिटाला शंभर फेऱ्या होत होत्या आणि सीटवर मी स्थिर होतो. वेग आवरणं अवघड झालं होतं, तरफ कमी झाल्यामुळे मागचा जोर पुरत नव्हता. म्हणून ब्रेकची रबरं नव्या रिमच्या रुंदीला नीट लावून घेतली आणि उतारावर पायाआधी ब्रेक, ही सवय लावून घेतली. छोटे क्रँक लावणाऱ्या कुणालाही मी हे आधी सांगेन. मोठ्या चाकावर १२७ आणि ब्रेक नाही, हे करू नका.

साधारण शंभर किलोमीटर झाल्यावर चाचांकडे पुन्हा गेलो. चार स्पोक सैल झाले होते. क्रँकचे बोल्टही पाव फेरी आत गेले. त्यानंतर काही हललं नाही.

मग तुळजापूर. कोजागरीला सोलापुरातून तुळजापूरपर्यंत पायी जाणाऱ्यांची रीघ लागते तेव्हा या रस्त्यावर गाड्या बंद ठेवतात. लहानपणी आईबरोबर मी तो रस्ता चालत गेलोय, तामलवाडीला पायाला फोड आले होते. या वेळी गर्दी नसलेला दिवस निवडला. पहाटे पावणेपाचला निघालो. हिप्परग्याला तलावावर अजून अंधार होता. जिथे पहिल्यांदा टक् झालं होतं तिथून जाताना मी मुद्दाम दोनदा मागे जोर देऊन पाहिला आणि ऐकलं. फक्त टायरचा आवाज.

तामलवाडीला चहा, दोन केळी. घाटाच्या पायथ्याशी थांबलो, १५ चा पाना काढला आणि पायडलं १५० च्या भोकात लावली. सात मिनिटं लागली. चढावर जुनं चाक जिथे झुकायचं तिथे हे झुकलं नाही, ब्रेकचं रबर एकदाही घासलं नाही. दोन ठिकाणी उतरावं लागलं. एकदा दम लागला म्हणून, एकदा ट्रकला जागा द्यायला. वरून मागे बघितलं तर खाली सगळं रान पसरलेलं, आणि सोलापूर धुक्यात कुठेतरी.

आईचं दर्शन बाहेरूनच घेतलं, सायकल कुणाच्या भरवशावर ठेवणार. कुंकू घेतलं. परतीला एसटी, कंडक्टरने मागच्या सीटमागे ठेवू दिली.

घरी आलो तेव्हा अप्पा दारातच होते. मी काही सांगायच्या आत त्यांनी सायकल आडवी करायला लावली, डाव्या क्रँकच्या मुळाशी अंगठा ठेवला आणि दुसऱ्या हाताने पायडल पुढे-मागे हलवलं. मग उजव्याशी. उजव्याशी जरा जास्त वेळ थांबले.

"डावा बसलाय," म्हणाले. "उजव्याचा बोल्ट उद्या सकाळी एकदा बघ. आत्ता गरम आहे सगळं."